सिस्टरची जीप

सिस्टरकडे खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून मी बघायला गेले, तेव्हा त्या घरात बसायला जागा नव्हती. घर चांगलं ऐसपैस होतं. ओटीवर लाकडी बाक होता, आत वेताच्या खुर्च्या होत्या. पण बाकावर एक गिअरबॉक्स आडवा पडलेला होता आणि प्रत्येक खुर्चीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेल पाझरणारं काहीतरी लोखंडी ठेवलेलं होतं. सिस्टर दारात उभ्या राहून चहात पाव बुडवून खात होत्या.

"मास्तरीण ना तू? भूमिती शिकवतेस?"

"नाही, मराठी."

"चालेल. हे धर."

त्यांनी माझ्या हातात पुठ्ठ्याचं एक टोक दिलं, दुसरं टोक स्वतः धरलं आणि तो पुठ्ठा बाकावरच्या गिअरबॉक्सच्या तोंडाला लावून बघितला. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं आणि कडेने भोकं पाडलेली होती. त्यांतली निम्मी जुळली, निम्मी जुळली नाहीत. "सायबा!" अशी देवाला हाक मारून त्यांनी पुठ्ठा काखेत मारला, चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. खोली मला दिली आहे, हे मला संध्याकाळी कळलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वसईत तेव्हा स्टेशनापासून गावात यायला टांगे होते. सिस्टर म्हणजे मठातल्या सिस्टर नव्हेत. त्या सरकारी नर्स होत्या आणि निवृत्तीला काही वर्षं असतानाच वरच्या साहेबाशी भांडून नोकरी सोडून घरी आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी गेली तरी पांढरं पातळ सुटलं नव्हतं, फक्त आता त्यावर ग्रीसचे डाग असत. नवीन माणसं त्यांना मठातल्या समजून वाकून नमस्कार करत. त्या म्हणत, "माझ्या पाया नको पडू, मी शिव्या देते."

देतही असत. पण खरी सवय वेगळी होती. त्यांना एका जागी थांबता येत नसे. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना त्या मागच्या दारापाशी उभ्या असत. पत्र वाचायचं तर अंगणात फेऱ्या मारत वाचत. रात्री झोपेतसुद्धा त्या पाय हलवतात असं त्यांची भाची सांगायची. आणि गंमत अशी, की स्वतः कधी न बसणाऱ्या या बाईच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असे, "बसेल." नट घ्या, पट्टा घ्या, शाफ्ट घ्या. "बसेल, बसेल. का नाही बसणार?"

या सगळ्याचं कारण होतं मागच्या चिंचेखाली उभी असलेली जीप. लिलावात घेतलेली, लष्करातून बाद झालेली, पेट्रोलवर चालणारी. घेतल्यावर ती फार तर एक पावसाळा धावली आणि मग तिच्या इंजिनाला तडा गेला. तो जोडता येत नाही असं तीन गावच्या मिस्त्र्यांनी सांगितलं. तसलं दुसरं इंजिन मिळेना, आणि मिळालं तरी पेट्रोल पिणार. तेव्हा सिस्टरनी ठरवलं, की भंगारातून डिझेलचं इंजिन आणायचं आणि जीपला बसवायचं. त्यांच्या भावाने, नात्यातल्या फादरनी, टांगेवाल्यांनीसुद्धा त्यांना सांगून बघितलं, की जीप वजनावर विकून टाक. सिस्टर म्हणाल्या, "माणसाचं एक मूत्रपिंड गेलं तर त्याला वजनावर विकता का?"

अडचण कुठे होती ते मला हळूहळू समजलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून बसतात. दोघांची तोंडं सारखी हवीत, बोल्टांची भोकं समोरासमोर यायला हवीत, आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या आत दातांत दात घालून शिरायला हवा. दात कमीजास्त असले की संपलं. भोकं जुळली तर शाफ्ट बोटभर आखूड निघे. शाफ्ट पुरला तर दात जुळत नसत. म्हणून तो पुठ्ठा. जीपच्या गिअरबॉक्सच्या तोंडाचा छाप त्यांनी त्यावर काढून घेतला होता आणि जिथे इंजिन दिसेल तिथे त्या तो लावून बघत. बर्फाच्या कारखान्यात बघितलं, पिठाच्या गिरणीत बघितलं, नायगावच्या खाडीत शाकारून ठेवलेल्या होडीत चढूनही बघितलं.

एकदा आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. चर्चबाहेर बँडवाल्यांचा टेम्पो उभा होता. नवरानवरी लग्न लागून बाहेर आली, लोकांनी फुलं उधळली, फादर पायऱ्या उतरून आले आणि थबकले. टेम्पोच्या खालून पुरुषी कॅनव्हासचे बूट घातलेले दोन पाय बाहेर आले होते, वर पांढऱ्या पातळाचा काठ.

"सिस्टर," फादर वाकून म्हणाले, "आशीर्वाद द्यायला बाहेर येता का?"

"खालूनच देते, फादर. एक बोल्ट मोजायचा राहिलाय."

सुट्टीच्या दिवशी त्या मला कुर्ल्याच्या भंगार बाजारात घेऊन जायला लागल्या. एकट्या बाईला दुकानदार हसतात, दोघी असलो की गोंधळतात, असा त्यांचा हिशोब. तिथे मरून पडलेल्या गाड्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या होत्या. सिस्टर पर्समधून स्टेथोस्कोप काढत. दुकानदार एखादं इंजिन सुरू करून दाखवी आणि त्या कानात नळ्या घालून त्याच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवत, डोळे मिटून ऐकत. गल्लीतली पोरं, हमाल, चहावाले गोळा होत.

"मौसी, एकदम जवान इंजन है," दुकानदार म्हणे.

"याला दमा आहे," सिस्टर मराठीतच सांगत आणि पुढे चालू लागत.

दिवसभर त्या मला अशा पळवत की संध्याकाळी माझे पाय भरून येत. एकदा मी वैतागले. टायरांच्या एका ढिगावर बसले आणि म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला जायचंय तरी कुठे या जीपमधून? स्टेशनला टांगा मिळतो."

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पुठ्ठा या काखेतून त्या काखेत केला. "चांदीपला," त्या म्हणाल्या. "माझी शेवटची बदली तिकडची. तिथली एक पोर, पहिलटकरीण, अडली होती. मूल आडवं. मी तिला बैलगाडीत घालून निघाले. बैलांना किती मारणार? शिरसाड फाट्याच्या अलीकडेच मूल गेलं. ती वाचली. साहेबाला मी आधी दोनदा सांगितलं होतं, तिथे गाडी ठेवा म्हणून. तो म्हणाला, नियमात बसत नाही." पुठ्ठा पुन्हा पहिल्या काखेत घेत म्हणाल्या, "त्या पोरीला मी सांगून आलेय, पुढच्या खेपेला गाडी घेऊन येते. तिला आता चौथा महिना आहे. ऊठ."

मी उठले. त्या दिवसापासून मला कंटाळा आला तरी मी तो बोलून दाखवला नाही.

इंजिन अखेर मिळालं ते हायवेवर उलटलेल्या एका टेम्पोचं. पुढचा भाग चेपला होता, इंजिन शाबूत होतं. सिस्टरनी त्यात रॉकेल ओतून ठेवलं, पाझरतंय का ते बघत त्याच्याभोवती येरझारा घातल्या, हाताने चाक फिरवून बघितलं. त्यांच्या पुठ्ठ्याशी तेही जुळत नव्हतंच. पण या वेळी त्यांनी पुठ्ठाच फाडून टाकला. "नवऱ्यासाठी बायको शोधत फिरायचं कशाला? जोडपंच घेऊन जाऊ," म्हणाल्या आणि इंजिनासकट त्याचा स्वतःचा गिअरबॉक्सही घेतला. जीपचा जुना गिअरबॉक्स ओटीवरच्या बाकावरून हलला आणि मला बसायला जागा झाली.

विरार फाट्याला एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री वयस्कर, शांत आणि थोडे सोशिक. सिस्टरशी गाठ पडल्यावर जास्तच सोशिक झाले होते. जीप तिकडे ओढून नेली. इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, गिअरची दांडी ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागू लागली, तेही चाललं. मग पुढची अडचण आली. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, इंजिनाची ताकद जिथून चाकांना वाटली जाते, तो जीपला एका अंगाला होता आणि नव्या गिअरबॉक्समधून येणारा दांडा दुसऱ्या अंगाला. दोघांची भेटच होईना. मिस्त्री दुसरा गोळा शोधू म्हणाले. शोधायला वेळ कुठे होता? चांदीपच्या पोरीला आठवा सरत आला होता.

सिस्टर जीपखाली शिरल्या, बाहेर आल्या, गॅरेजला चक्कर मारली, परत आत शिरल्या. "मिस्त्री," त्या आतूनच ओरडल्या, "हा गोळा उपडा करून बसवला तर? उजवीकडचा डावीकडे येईल!"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं, हातवारे करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बसेल की, सिस्टर!"

आणि तो अगदी फणसात गरा बसावा तसा बसला. दोघंही इतके खूश झाले की त्या दिवशी सिस्टरनी मिस्त्रींना आणि मला केळफुलाची भाजी स्वतःच्या हाताने वाढली.

रविवारी सकाळी जीप पहिल्यांदा सुरू झाली. मी सिस्टरच्या शेजारी बसले होते. धडधड असा आवाज झाला, अंग हादरायला लागलं. सिस्टरनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि जीप मागे गेली. मिस्त्रींच्या कोंबड्या फडफडत पळाल्या. रिकाम्या डब्यांची उतरंड खाली आली.

"चुकून रिव्हर्स पडला," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दुसरा टाकला. जीप आणखी जोरात मागे गेली आणि विहिरीच्या कठड्यापाशी थांबली. मग त्यांनी रिव्हर्स टाकला, आणि जीप मुंगीच्या पावलाने पुढे आली.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. गोळा उपडा बसवला म्हणजे चाकंही उलटी फिरणार, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता त्या जीपला मागे जायला सगळे गिअर होते आणि पुढे जायला एकच, तोही सगळ्यात मंद.

"उद्या सगळं खोलतो, सिस्टर," मिस्त्री म्हणाले. "दुसरं काहीतरी बघू."

सिस्टर काही म्हणणार, एवढ्यात रस्त्यावरून एक माणूस सायकल हाणत आला. घामाने निथळत होता. तो चांदीपच्या पोरीचा नवरा. सिस्टर इथे आहेत, हे त्याला सिस्टरच्या घरी भाजी घालणाऱ्या एका भाजीवाल्याकडून वाटेतच कळलं होतं.

"शिस्टर, तिच्या पोटात दुकतंय. सकालपासून. पानी गेलं."

"महिना बाकी आहे ना?"

"मना काय म्हाईत? चला तुमी!"

मिस्त्री हायवेवर धावले. दोन ट्रक थांबवले, पण आत कच्च्या रस्त्याला वळायला कोणी तयार होईना. एसटी दुपारची. मिस्त्री परत येऊन बघतात तर सिस्टर जीपमध्ये चढलेल्या, मीही चढलेली, आणि जीप रिव्हर्स गिअरमध्ये फाटकातून पुढे निघालेली.

थोडं अंतर तशीच गेली. इंजिन किंचाळत होतं आणि चाकं जेमतेम फिरत होती. पोरीचा नवरा सायकलवरून आमच्या पुढे गेला. मग डोक्यावर पेंढा घेतलेली एक बाई आमच्या पुढे गेली. ती वळून बघून हसली, तेव्हा सिस्टरचा धीर सुटला. त्यांनी जीप थांबवली, रस्त्यातच आडवी-उभी करत पूर्ण फिरवली आणि पाठ चांदीपकडे केली.

"मागे जा. गुडघ्यावर बस आणि रस्ता सांग. डावं-उजवं सांगू नकोस, माझा गोंधळ होईल. 'डोंगर' म्हण, नाहीतर 'शेत' म्हण."

तुंगारेश्वरचा डोंगर एका बाजूला होता, भाताची कापलेली शेतं दुसऱ्या बाजूला. सिस्टरनी मान पिळून मागे वळवली, दुसरा गिअर टाकला आणि आम्ही निघालो. मी जीपच्या मागच्या फळीला घट्ट धरून ओरडत होते, "डोंगर! डोंगर! आता शेत! बैल! सिस्टर, बैल!" हायवेवर समोरून येणारे ट्रकवाले बाहेर डोकावून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिरसाडच्या वळणावर हवालदार उभा होता. त्याने हात केला.

"बाई, गाडी उलटी का चालवताय?"

"सुलटी चालत नाही म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "बाजूला हो, बाळंतीण आणायचीय." तो बाजूला झाला.

चांदीपला पोरीला पेंढ्यावर गोधडी घालून जीपमध्ये निजवलं. सासूही चढली. सिस्टरनी पोरीचं पोट चाचपलं, कान लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पायाळू आहे," एवढंच मला हळू म्हणाल्या. त्या क्षणापासून त्यांच्या तोंडात एक शिवी आली नाही. मला ते जास्त भीतिदायक वाटलं.

परत येताना मी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि रस्ता सांगत होते. पण माझा आवाज बसला होता, आणि तिला कळ आली की मी तिच्याकडेच बघत राही. अशाच एका वेळी जीप खड्ड्यात जाता जाता वाचली. तेव्हा ती पोर कोपरावर उठली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ चावून लाल झालेले.

"तुमाला नाय जमत, बाई," ती मला म्हणाली आणि ओरडली, "शेत, शिस्टर, शेत! तिथं मोठा खड्डा हाय!"

लहानपणापासून त्या रस्त्याने चाललेली ती. पुढचा सगळा रस्ता तिनेच सांगितला. कळ यायची तेव्हा दात आवळून गप्प व्हायची, ओसरली की पुन्हा, "डोंगर! आता हलू. मोरी हाय. आता जाऊ द्या!" सासू तिचे पाय चोळत देवाचं नाव घेत होती. सिस्टर मान वळवून तिच्याकडे आणि रस्त्याकडे एकाच वेळी बघत होत्या. विरारचं रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथे थांबलो तेवढ्या वेळात सिस्टरनी उतरून तिला तपासलं, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या, फाटकवाल्याला हाक मारून गाडी कुठवर आली ते विचारलं. मी त्यांचा हात धरला.

हॉस्पिटलच्या दारात आम्ही उलटेच शिरलो. त्याचा एक फायदा झाला. जीपचा मागचा भाग थेट पायऱ्यांना लागला आणि पोरीला उचलून आत न्यायला पाच पावलंही चालावी लागली नाहीत. तरुण डॉक्टरीण सिस्टरना म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." सिस्टरनी तिच्याकडे असं बघितलं, की तिने दुसऱ्याच क्षणी त्यांच्यासाठी हात धुवायला साबण मागवला.

बऱ्याच वेळाने आतून रडणं ऐकू आलं. मी बाहेर सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती मला ओळखतही नव्हती. मुलगी झाली होती. थोड्या वेळाने नवरा सायकलवरून पोचला, धापा टाकत म्हणाला, "गाडी कुठं बंद पडली आसंल, म्हनून बघत आलो. वाटेत दिसली नाय!" सिस्टर बाहेर येऊन त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या पायरीवर टेकल्या. मान वळवून वळवून आखडली होती; पुढचे कितीतरी दिवस त्या एकाच खांद्यावरून बघत होत्या.

मिस्त्रींनी पुढे दुसरा गोळा मिळवला आणि जीप सरळ केली. कुठून मिळाला ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा परीक्षांच्या पेपरांत होते. सिस्टरना आता उसंत मिळेल असं मला वाटलं होतं. ती काही मिळाली नाही. पूर्वेकडच्या गावांतून निरोप येऊ लागले आणि त्या जाऊ लागल्या.

लग्न ठरून वसई सोडायच्या आधी मी एकदा त्यांच्याबरोबर चांदीपला गेले. एका दुसऱ्या घरच्या सुनेला न्यायचं होतं. सगळी तयारी झाली, सून जीपमध्ये निजली, सिस्टरनी इंजिन सुरू केलं. तेवढ्यात तिची आजेसासू काठी टेकत जीपसमोर येऊन उभी राहिली आणि हलेना.

"अशी नको नेऊस," म्हातारी म्हणाली. "उलटी ने."

"आजी, गाडी आता नीट झालीय. सरळ जाते."

"सरल जानाऱ्या गाड्या लय पाह्यल्या. ती पोर उलटी गेली, म्हनून जितीजागती परत आली. माझी बी उलटीच जाऊ दे."

सिस्टरनी मला सांगितलं, की दर वेळी हेच होतं. त्या समजावून थकल्या होत्या, रागावूनही बघितलं होतं. बाई अडलेली असताना वाद घालत उभं राहणार कोण? त्यांनी तोंडातल्या तोंडात एक कडक शिवी दिली, जीप तिथल्या तिथे फिरवली, मान मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका बघत होत्या. गावाच्या वेशीपर्यंत, मारुतीच्या देवळापर्यंत, सिस्टर जीप उलटी घेऊन गेल्या. तिथे थांबून त्यांनी ती सुलटी केली, आणि मग मात्र भरधाव सोडली.